एकच भिंत की टपालाने फिरणारं कापड?

डहाणूकडची एक शाळा आणि मुंबईतली एक, मिळून वारली चित्र काढणार. वाटा दोन.

सगळी मुलं एकाच भिंतीशी आणली, तर गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, हातात टोक ठेचलेली बांबूची काडी. तारपा नाचाचा फेर कसा वळवायचा, हे शहरातली मुलं गावच्या मुलांकडून शिकतात. वर्गातला हुशार कोण, हे तासाभरात उलटंपालटं होतं. (गणवेशांचं काय होतं, ते आयांना विचारा.) खर्च बसचा नि जेवणाचा.

अर्धं रंगवलेलं कापड टपालाने पाठवणं स्वस्त, निवांत. पण रेघ अशीच का, हे विचारायला शेजारी कुणी नसतं.

बसचे पैसे जमले तर मी भिंतच निवडेन. फक्त पावसाळ्यात नको, पिठाचा रंग धुऊन जातो.