सात महिने, तीन वाचने आणि दहा मिनिटांचा हिशेब

पुढे खुनी कोण हे सांगितलेले आहे; त्यामुळे अगाथा ख्रिस्ती यांची १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही कादंबरी ज्यांनी वाचलेली नाही, त्यांनी येथेच थांबावे.

गेल्या सात महिन्यांत ही कादंबरी मी तीनदा वाचली आणि माझी प्रत आणखी चार जणांच्या हातांतून फिरून आली. पहिल्या वाचनानंतर माझे मत ठाम होते: आपली शुद्ध फसवणूक झाली. गावातला डॉक्टर शेपर्ड सारी हकीकत आपल्याला सांगतो, खासगी गुप्तहेर पॉयरोबरोबर तपासात हिंडतो, आपण त्याच्या शब्दावर विसंबून राहतो आणि शेवटी खुनी तोच निघतो. मी पुस्तक मिटले, ते महिनाभर उघडले नाही.

दुसऱ्यांदा हातात घेतले ते लेखिकेची लबाडी पकडण्यासाठी, पेन्सिल घेऊनच. खुनाच्या रात्री ॲक्रॉइडच्या अभ्यासिकेत पत्र येते तेव्हा नऊला वीस मिनिटे कमी असतात. डॉक्टर निघतो तेव्हा दहा कमी असतात आणि पत्र तसेच न वाचलेले असते. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो मागे वळून पाहतो आणि काही करायचे राहून तर गेले नाही ना, असे मनाशी म्हणतो. पहिल्या खेपेस एका काळजीवाहू डॉक्टरची सवय समजून मी हे वाक्य ओलांडून गेलो होतो. मधली दहा मिनिटे कुठे गेली, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. डॉक्टर एकही खोटे वाक्य लिहीत नाही, केवळ एक वाक्य लिहायचे टाळतो, हे ध्यानात आल्यावर माझा राग लेखिकेवरून माझ्याच वाचनावर वळला.

इतरांचे मात्र तसे झाले नाही. रहस्यकथा कोड्यासारखी सोडवणारा माझा एक सहकारी त्या दहा मिनिटांपाशी मी बोट ठेवल्यावरही बधला नाही. निवेदकावरही संशय घ्यायचा असेल तर वाचकाने उभे राहायचे कुठे, असे त्याचे म्हणणे. माझ्या काकांना अर्ध्यातच संशय आला होता, असे ते सांगतात. (शेवट कळल्यावर असे सांगणारे बरेच भेटतात, पण काकांना मी हे बोललो नाही.) माझी मोठी बहीण शेवटाने हरखून गेली आणि तिने लगेच पहिले पान पुन्हा उघडले. चौथ्या वाचकाला खुन्याशी कर्तव्यच नव्हते. त्याला आवडली डॉक्टरची बहीण कॅरोलाइन, घरबसल्या गावभरच्या बातम्या गोळा करणारी. ख्रिस्ती यांच्या पुढच्या कथांतली हौशी गुप्तहेर मिस मार्पल हे पात्र बहुधा कॅरोलाइन रंगवताना मिळालेल्या आनंदातून सुचले असावे, असे ख्रिस्ती यांनीच आत्मचरित्रात म्हटले आहे; तेव्हा त्याची निवड काही वावगी नाही.

हा वाद पुस्तकाइतकाच जुना आहे. वाचकाने सर्वांवरच संशय घेतला पाहिजे, अशी बाजू रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी ख्रिस्ती यांच्यासाठी मांडली. उलट रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथांसाठी घालून दिलेल्या १९२९ च्या दहा नियमांपैकी पहिलाच असा की, ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आले आहेत तो गुन्हेगार असू नये. माझ्या सहकाऱ्याला हा नियम फार भावला. पण तो कादंबरीनंतर तीन वर्षांनी लिहिला गेला, हे मी त्याच्या नजरेस आणून दिले. पिएर बायार या फ्रेंच समीक्षकाने तर १९९८ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहून पॉयरोने चुकीचा माणूस पकडला, असा युक्तिवाद केला. दुसरीकडे २०१३ मध्ये ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेच्या सदस्यांनी हीच कादंबरी आजवरची सर्वोत्तम ठरवली.

तिसऱ्या वाचनानंतर माझी तक्रार वेगळीच आहे. निवेदकाची युक्ती मला आता पूर्ण न्याय्य वाटते, पण डिक्टाफोन या आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रावर मृताचा आवाज ऐकवून तो अजून जिवंत असल्याचा भास निर्माण करणे आणि ते यंत्र दारातून दिसू नये म्हणून खुर्ची पुढे ओढून ठेवणे, ही जुळवाजुळव मला अजूनही ओढूनताणून केलेली वाटते. मधल्या भागातल्या चौकशाही लांबतात. माहजोंग या चिनी सोंगट्यांच्या खेळाच्या डावाचे प्रकरण तेवढे झकास.

प्रत सध्या पाचव्या वाचकाकडे आहे. देण्यापूर्वी मी पेन्सिलच्या सगळ्या खुणा खोडल्या, पण दहा मिनिटांच्या त्या वाक्याखाली सहकाऱ्याने शाईने काढलेले प्रश्नचिन्ह काही निघाले नाही.