ट्रायलला घातला तो कोट, आणि घरी आला तो कोट

लग्नसराईत बस्ता बांधायला तासगाव, पलूस, जत, कवठेमहांकाळकडून सांगलीला येणाऱ्यांनी, त्यातही नवरदेवासाठी सहा-सात हजारांत तयार सूट घ्यायचा असेल त्यांनी, हे नीट वाचावं. आमच्या धाकट्या भावाच्या रिसेप्शनला जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून लिहितोय.

दुकानाचं नाव देत नाही. बाजारपेठेतलं मोठं, गर्दीचं दुकान आहे, एवढंच सांगतो.

सूट निवडताना आम्ही घाई केली नव्हती. माझे चुलते शिवणकाम करायचे, त्यामुळे काय बघायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तयार कोटात आधी खांदा बघायचा. खांद्याची शिवण हाड संपतं तिथेच संपली पाहिजे. भिंतीला बाजूने टेकून उभं राहायचं. दंडाआधी कोटाचा खांदा भिंतीला लागून दबला, तर कोट मोठा आहे. मग कॉलर मानेला चिकटून बसते का आणि बटण लावल्यावर पोटावर चुण्या ओढल्या जातात का, ते बघायचं. बाहीची लांबी, कमरेचा घेर, पँटची उंची हे शिंपी दुरुस्त करून देतो. खांदा मात्र उसवून नीट बसत नाही, आणि कोटाची उंची कमी केली तर खिसे खाली लोंबल्यासारखे दिसतात. म्हणून खांद्याला आणि उंचीला बसेल तोच कोट घ्यायचा, बाकीचं नंतर करून घेता येतं.

सेल्समनने आधी एक ढगळ कोट घातला आणि पाठीमागून मुठीत धरून भावाला आरशासमोर उभं केलं. "बसतंय की ओ पाव्हणं, एकदम हिरो!" मी त्याला हात काढायला लावला, तशी पाठ पोत्यासारखी सुटली. तो कोट बाजूला ठेवला. मग 38 नंबरचा गडद निळा कोट निघाला. खांदा नेमका होता. बाही इंचभर लांब आणि कमरेला थोडी ढिलाई, एवढंच काम होतं. भावाने ट्रायल रूममध्ये कोट उघडा ठेवून फोटो काढला आणि होणाऱ्या बायकोला पाठवला. पुढे तोच फोटो कामाला आला.

"अल्टर फ्री आहे दादा, आमचा कारागीर करतो, उद्या न्या," असं सांगून कोट आत गेला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, टॅक्स वर लागेल. छापील किमतीत, म्हणजे एमआरपीत, सगळे कर धरलेलेच असतात हे मी सांगितलं, तरी "कॉम्प्युटर बंद आहे, डिलिव्हरीला देतो" म्हणत हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर फक्त "सूट 1 नग" आणि रक्कम.

उद्याचा परवा झाला. कारागीर आला नाही, लाईट गेली, अशी कारणं येत राहिली. शेवटी रिसेप्शनच्या आदल्या रात्री, शटर अर्धं खाली असताना, चेन लावलेल्या कव्हरमध्ये सूट हातात आला. घरी भावाने घातला तर दोन्ही खांदे हाडाच्या पुढे लोंबत होते. बाही मात्र सांगितली तेवढी बरोबर कापलेली. पँट आणि कोट दिव्याखाली एकच रंग वाटत होते, सकाळी अंगणात पाहिलं तर दोन वेगळ्या छटा.

रिसेप्शनला भावाने चुलतभावाचा जुना ब्लेझर घातला. आईने महिनोन्‌महिने भिशीत टाकलेले पैसे या सुटात गेले होते, आणि तो कपाटात पडून होता. तिचा त्या दिवशीचा चेहरा बघून मला राग आवरत नव्हता.

नंतर फोटो शेजारी धरून पाहिला. फोटोतल्या कोटाला बाहीवर चार बटणं, घरी आलेल्याला तीन. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "बाही कापली की एक बटण जातंच." मग मी आतली बाजू दाखवली. फोटोत अस्तर मरून रंगाचं होतं, समोरच्या कोटाचं काळं. नंबरची पट्टीही वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने नव्याने टाचलेली. यावर "फोटोत रंग बदलतो" एवढंच ऐकायला मिळालं.

मिरजेच्या एका जुन्या शिंप्याने कोट उसवून दाखवला. त्यांच्या मते हा सेकंडचा, म्हणजे कारखान्यातच खोट निघालेला माल आहे. चांगला नग ट्रायलला ठेवायचा आणि अल्टरच्या नावाखाली आतून दुसरा द्यायचा, हे त्यांनी आधीही पाहिलंय. सेल्समन "वूल मिक्स" म्हणाला होता, म्हणून त्यांनी शिवणीच्या आतल्या कापडाचा एक दोरा काढून जाळला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. हा दोरा वितळून त्याचा कडक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. या किमतीत पॉलिस्टरचाच सूट मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खोटं सांगून विकला, याबद्दल आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, ट्रायलचा कोट दुकानात सोडून येऊ नका. फुकट अल्टर सोडून द्या. बसलेला कोट तिथेच घडी घालून सोबत घ्या आणि बाही, कंबर आपल्या ओळखीच्या शिंप्याकडून करून घ्या. त्याला जे द्याल ते पैसे वाया जाणार नाहीत. ठेवावाच लागला, तर अस्तर, नंबरची पट्टी आणि बटणं यांचे फोटो काढा, आतल्या खिशात पेनाने बारीक खूण करा, आणि पक्क्या बिलावर कंपनी, नंबर, रंग लिहून घ्या. घ्यायला जाल तेव्हा दुकानातच घालून पाहा, पँट-कोट उजेडात शेजारी धरा.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून मागे फिरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. पैसे यूपीआयने दिले असतील तर ती नोंद जपून ठेवा. आमच्याकडे चिठ्ठीपेक्षा तीच पक्की निघाली.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला: "दुसरा सूट घेऊन जा, विषय मिटवा." भावाने नकार दिलाय, त्याला पैसे परत हवेत. नाही मिळाले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. कोट, चिठ्ठी आणि छापून घेतलेला फोटो एका पिशवीत बांधून तयार ठेवलेत.