कुकीजची खोटी ‘सीएसआर’ ऑर्डर : आमचे १,०७,१२० रुपये गेले

आधी आकडे, म्हणजे कुणी ‘थोडक्यात सुटलात’ म्हणणार नाही. व्हेंडर कोडसाठी, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत नाव घालायला, ४,७२० रुपये. ‘परत मिळणारं’ सिक्युरिटी डिपॉझिट २७,०००. लॅब ऑडिट ११,८००. कंपनीचं नाव छापून घेतलेले १,२०० खोके, नग ३८ रुपयांनी, ४५,६००. कामाला लागलेल्या बायकांना दिलेली उचल १८,०००. एकूण १,०७,१२०.

नाशिकला आमचा छोटा उद्योग आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागली, गूळ आणि साजूक तूप घालून कुकीज करतो आणि सणाला भेट देण्याजोग्या खोक्यांत विकतो. काम करणाऱ्या सगळ्या एकल महिला. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात देतो, ती कधी थकवलेली नाही. त्या भामट्याने पकडलं ते नेमकं हेच, आणि माझा संताप त्यासाठी जास्त आहे.

गणपती उठले आणि त्याचा फोन आला. स्वच्छ मराठी, दर वाक्याला ‘ताई’. पुण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं. दिवाळीला कर्मचाऱ्यांना द्यायला १,२०० खोके हवेत, दर ४५० रुपये, म्हणजे ५,४०,००० ची ऑर्डर. पैसा सीएसआर फंडातून, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढून ठेवलेल्या निधीतून येणार. “तुमच्या बायकांच्या हाताला काम मिळालं पाहिजे ताई, बाकीचं मी बघतो.” एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा नंबर मागितला, किती दिवस टिकतात विचारलं, लेबलवर घटक नीट लिहा असंही बजावलं. खरा खरेदीदार जे विचारतो तेच सगळं विचारलं. मग मी कशावरून संशय घ्यायचा होता?

पहिली खोट तिथेच होती. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरताच येत नाही. २०२१ साली सुधारलेल्या नियमांत ते स्पष्ट लिहिलं आहे. सीएसआरचं काम कंपनी बाहेरच्या संस्थेकडून करून घेते तेव्हा ती संस्था सहसा ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी अशी नोंदलेली लागते. आमच्यासारखा एकट्याच्या मालकीचा उद्योग त्यात बसत नाही. पण हे भट्टीपाशी उभ्या असलेल्या बाईला कोण सांगतं? सीएसआरच्या नावाने कुणी कर्मचाऱ्यांच्या भेटवस्तूंची ऑर्डर देऊ लागला तर तिथल्या तिथे फोन ठेवा.

आणि तो जीएसटी नंबर. तो आठवला की अजून डोकं तापतं. परचेस ऑर्डरच्या पीडीएफवर लोगो होता, शिक्का होता, सही होती. त्यावरचा नंबर मी माझ्या हाताने प्रोफॉर्मा बिलावर उतरवून घेतला. पंधरा अक्षरं, एकेक बघून. सुरुवात २९ ने. महाराष्ट्राचा कोड २७, कर्नाटकचा २९, आणि खाली पत्ता पुण्याचा! सहावं अक्षर ‘पी’. जीएसटी नंबरात मधली दहा अक्षरं पॅनची असतात, आणि पॅनचं चौथं अक्षर कंपनी असेल तर ‘सी’, एकटी व्यक्ती असेल तर ‘पी’. म्हणजे तो नंबर कंपनीचा नव्हताच, कुणा माणसाचा होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर होता. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही नंबर फुकट तपासता येतो, लॉगिनही लागत नाही. त्या दिवशी तूप कढवायचं होतं, खोकेवाला छपाईसाठी घाई करत होता, आणि समोर दिवाळीआधीचं सगळ्यांचं काम दिसत होतं. अशा वेळी सहावं अक्षर कोण वाचतं? आता तुम्ही वाचा.

व्हेंडर कोड, डिपॉझिट आणि लॅब ऑडिटचे पैसे त्यानेच मागितले. ते भरताना क्यूआरवर एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर “अकाउंट्सच्या साहेबांचं आहे, फंडाचं खातं तेच बघतात.” माल विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईक नसतो. लॅबचे पैसे गेले आणि फोन बंद.

त्यानंतरचा छळ वेगळाच. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. बँकेत गेले तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार? पोलिसांकडे गेले तर सांगितलं, खातं परराज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, एफआयआर घेण्याची तरतूद आहे, असं मी सांगितलं. तर उत्तर काय? “इथे लाखांच्या डिजिटल अरेस्टच्या केसेस पडल्यात, तुमचे त्रेचाळीस हजार.” खोक्यांचे ४५,६०० त्यांनी मोजलेच नाहीत, कारण ‘ते तुम्ही तुमच्या छापखान्याला दिलेत’. बायकांची उचल तर हिशोबातही नाही. ज्या खात्यात पैसे पुढे गेले तिथे ३,१५० रुपये गोठवलेत म्हणे. ते हवेत तर न्यायालयाचा आदेश आणा, असं मला तेव्हा सांगितलं! त्या आदेशासाठी वकील किती घेईल, हे कुणी बोलत नाही. १९३० वरची किंवा सायबर पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा. एफआयआरची प्रत हातात पडेपर्यंत उठू नका, ती फुकट मिळणं हा हक्क आहे.

ज्या कंपनीचं नाव वापरलं तिच्या स्वागतकक्षात मीच फोन केला, पण फसल्यावर. ऑर्डर आली त्याच दिवशी, वेबसाइटवरचा नंबर काढून, असा फोन करा. पीडीएफवर छापलेल्या नंबरावर करू नका, तो त्यांचाच असतो. उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीला, सरकार एक रुपयाही घेत नाही. तिच्या नावाने कुणी फी मागितली तर तोही चोर.

पैशांपेक्षा मला जास्त सलतं ते वेगळंच आहे. ‘इम्पॅक्ट फाइल’साठी, म्हणजे मदत कुणाला झाली हे दाखवायला, त्या भामट्याने सगळ्या बायकांचे फोटो आणि आधारच्या प्रती मागून घेतल्या. त्यांच्या नावाने उद्या कुठे खातं उघडलं आणि चोरीचा पैसा तिथून फिरला, तर पोलीस यांच्या दारात येतील. मी एकेकीला सोबत नेऊन आधारचं बायोमेट्रिक लॉक (ठसे वापरून ओळख पटवणं बंद) करून घेत आले. ज्यांच्या आधारला मोबाइल जोडलेला नव्हता त्यांना आधी सेवा केंद्रात रांग लावावी लागली, त्या दिवसाची मजुरी मी दिली. तुमच्याकडे कामाला असलेल्यांचं आधार कुणालाही पाठवू नका. द्यावंच लागलं तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारबद्दल काही अडलं तर १९४७ वर फोन करा. आमच्यातल्या दोघींचं लॉक व्हायचं अजून बाकी आहे, सोमवारी पुन्हा केंद्रावर जायचं आहे.