ग्रामीण व्यवसायांसाठी ब्रॉडबँड: सरकारने जाळे उभारावे, अनुदान द्यावे की हमी?

व्यापारी संघटना, सहकारी संस्था किंवा स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून सरकारकडे नेमके काय मागायचे, असा प्रश्न असेल तर समोर मुख्यतः तीन धोरणे दिसतात. ती तोलताना मी वेगाच्या जाहीर आकड्याआधी एक गोष्ट पाहतो: सेवा बंद पडली तर किती तासांत सुरू होते? घरी व्हिडिओ अडकला तर चिडचिड होते. व्यवसायात मात्र ऑर्डर, बिले आणि पेमेंट सगळे एकदम थांबते.

सरकारी जाळे. याचे सर्वांत मोठे उदाहरण भारताचे आहे. 2011 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कचे पुढे भारतनेट झाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे उद्दिष्ट होते. खासगी कंपन्यांना परवडत नाही तिथे फायबर नेण्याची ताकद याच मार्गात आहे, आणि ती कमी लेखू नये. दुखणे पुढे सुरू होते. फायबर पंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोहोचली, तरी तिथून दुकान किंवा कारखान्यापर्यंत कोण नेणार आणि बिघाड कोण काढणार, हे सैलच राहिले. आधीच्या टप्प्यांत बरेचसे जाळे एका रेषेत टाकलेले होते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की पुढची गावे बंद. ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात जाळे वर्तुळाकार असावे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील, आणि देखभालही करारातच बांधलेली असावी, असे ठरले. माझ्या मते हा बदल वाढीव निधीपेक्षा मोलाचा आहे.

जोडणीचे अनुदान. ब्रिटनमध्ये गिगाबिट व्हाउचरची, म्हणजे वेगवान जोडणीच्या खर्चासाठी सरकारने दिलेल्या कूपनची, मर्यादा 2023 मध्ये 4,500 पौंडांपर्यंत गेली. शेजारचे व्यवसाय आणि घरे आपापली व्हाउचर एकत्र करून कंपनीला फायबर टाकायला लावू शकतील, अशी ही रचना. पैसे कंपनीला मिळतात तेही जोडणी सुरू झाल्यावर, त्यामुळे कागदावरच पूर्ण झालेल्या कामाला थारा राहत नाही. पण गावात पुढाकार घेणारे माणूस हवे आणि फायबर फार दूर नसावी. वस्तीपासून लांब असलेल्या एकट्या गोठ्याला किंवा दगडखाणीला याचा उपयोग जवळपास शून्य.

कायदेशीर हमी. म्हणजे मागेल त्याला ठरलेल्या किमान वेगाची जोडणी मिळण्याचा हक्क. ऐकायला सर्वांत भक्कम, प्रत्यक्षात किमान वेग किती ठरवला यावर सगळे अवलंबून. ब्रिटनने मार्च 2020 पासून दिलेली हमी 10 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) डाउनलोड आणि 1 एमबीपीएस अपलोडची. जोडणीचा खर्च 3,400 पौंडांपुढे गेला तर वरची रक्कम ग्राहकाच्या माथी. उत्पादनांचे फोटो, डिझाइनच्या फाइल किंवा कॅमेऱ्यांचे चित्रण पाठवणाऱ्याला 1 एमबीपीएस अपलोड पुरत नाही. अमेरिकेने 2024 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्याच डाउनलोड/अपलोड 25/3 वरून 100/20 एमबीपीएसवर नेली. हमी मागायची तर निदान इतकी मागा.

फायबरऐवजी उपग्रह घ्यावा का? अमेरिकेच्या 42.45 अब्ज डॉलरच्या बीड (BEAD) या ब्रॉडबँड विस्ताराच्या कार्यक्रमात आधी फायबरला प्राधान्य होते. 2025 मध्ये ते काढून कमी खर्चाच्या तंत्रज्ञानाला वाट मोकळी केली गेली. सुमारे 550 किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह 36,000 किलोमीटरवरच्या जुन्या उपग्रहांपेक्षा कितीतरी कमी विलंबाने काम करतात, आणि विखुरलेल्या व्यवसायांसाठी मी त्यांनाच पसंती देईन. बाजारपेठेच्या गावासाठी नाही. तिथे एकाच उपग्रहाची क्षमता अनेकांत वाटली जाते, आणि धंदे वाढले की वेग उतरतो.

म्हणून व्यवसाय एकवटलेले असतील आणि फायबर जवळ असेल तर अनुदान मागा. फायबर तालुक्यापर्यंतच अडली असेल तर सरकारी जाळे मागा. मार्ग कोणताही निवडा, मागणीपत्रात अपलोडचा वेग, दुरुस्तीची मुदत आणि ती चुकल्यास कंपनीला दंड या तीन अटी लेखी घाला.