मदरबोर्ड बदलला आणि लॅपटॉप लॉक झाला: बिटलॉकर, पिन आणि त्यानंतरचे काही महिने

माझा लॅपटॉप विंडोज ११ होमचा. रोजचा वापर हिशेबांचा आणि जीएसटीचा. पावसाळ्यात चार्जिंग घेईना, म्हणून वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला दिला. तिथे मदरबोर्ड बदलून मिळाला. घरी येऊन सुरू केला, तर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागायला लागला. सेंटरला फोन केला, तर उत्तर आलं, "फॉरमॅट मारून देतो सर, डेटा मात्र जाईल." हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. बोर्ड बदलण्याआधी "की आहे ना?" एवढं विचारायला काय हरकत होती?

यात बिघाड काहीच नसतो. डिस्क उघडणारी किल्ली बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपकडे असते आणि ती चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन (डेटाचं कुलूप) आपोआप चालू असतं आणि की त्याच अकाउंटवर जमा होते. मोबाइलवरून अकाउंट उघडलं, तर तिथे दोन की दिसल्या, कारण जुना लॅपटॉपही त्यावरच. स्क्रीनवर की आयडीची पहिली आठ अक्षरं दिसतात, ती जुळवून बरोबर की निवडायची. की ४८ अंकांची, सहा-सहा अंकांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर त्या गटापाशीच कळतं.

पुढे विंडोजमध्ये शिरायचा पिन अडला. पिनसुद्धा जुन्या चिपशी बांधलेला, त्यामुळे "पिन उपलब्ध नाही" असा मेसेज. लॉक स्क्रीनवरच खाली उजवीकडे वायफाय जोडलं, अकाउंटचा पासवर्ड दिला, पर्यायी ईमेलवर कोड आला, नवा पिन केला. हा पर्यायी ईमेल किंवा मोबाइल नंबर चालू असणं फार महत्त्वाचं. जुनी माहिती हाताशी नसेल आणि सगळी बदलावी लागली, तर ३० दिवस थांबावं लागतं. रिटर्नची तारीख कोणासाठी थांबत नाही.

एवढं करूनही दर वेळी सुरू करताना की मागणं चालूच राहिलं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं, डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघू दिलं (डेटा तसाच राहतो) आणि पुन्हा चालू केलं, तेव्हा ते थांबलं. यात नवी की तयार होते, जुन्या कीची प्रिंट काढली असेल तर फाडून टाकायची.

तेव्हापासून आजपर्यंत एकदाही अडकलो नाही. फिंगरप्रिंट चटकन घेतो, एन्क्रिप्शनमुळे लॅपटॉप हळू झाल्याचं मला तरी जाणवलं नाही. बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरचं, अपडेट दिसलं की आधी की समोर ठेवतो, मगच पुढे जातो. पेन ड्राइव्हने पासवर्ड उडवण्याच्या युक्त्या व्हिडिओंमध्ये बऱ्याच दिसतात, पण एन्क्रिप्ट झालेल्या डिस्कपुढे त्या चालत नाहीत. आणि चालू नयेतच. लॅपटॉपमध्ये दुसऱ्यांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात, तो चोरीला गेला तर हेच कुलूप कामाला येणार.

म्हणून हे बंद करा असं मी कोणालाच सांगणार नाही. की कागदावर छापा, पण लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. माझ्या कीची प्रिंट आईच्या कपाटात आहे, तिच्या लॅपटॉपची माझ्याकडे.