३२ अँपिअरच्या स्टिकरखाली १० अँपिअरचे सॉकेट

घरी बिटकॉइन मायनिंग, म्हणजे संगणकी यंत्रे अखंड चालवून बिटकॉइन हे डिजिटल चलन मिळवणे, करू पाहणाऱ्यांचे सगळे लक्ष यंत्राच्या वेगावर आणि विजेच्या बिलावर असते. भिंतीतली वीज यंत्रापर्यंत पोहोचवणारी पट्टी मात्र सर्वांत शेवटी आणि घाईघाईने घेतली जाते. मीही तेच केले आणि त्या घाईत फसलो. सोलापुरात आणखी काही जण याच खटपटीत आहेत हे मला माहीत आहे, म्हणून झालेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

विजापूर रोडवरील आमच्या घराच्या माडीवर मी लोखंडी रॅकमध्ये अँटमायनर एस-१९ ही मायनिंगची दोन जुनी यंत्रे बसवली. प्रत्येकाला ३,२५० वॅट लागतात, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे १४ अँपिअर. दोन्ही मिळून २८. मंजूर भार वाढवून घेतला, मीटरपासून माडीपर्यंत स्वतंत्र जाड केबल ओढली. राहिली ती रॅकवरची पीडीयू, म्हणजे एका केबलची वीज अनेक सॉकेटांत वाटणारी पट्टी; दुकानात तिला सरळ ‘पट्टी’च म्हणतात.

शहरातल्याच एका विक्रेत्याने काळ्या पत्र्याची एक वजनदार पट्टी दाखवली. तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज आपोआप तोडणारा स्विच), लाल आकड्यांचा मीटर आणि ‘३२ अँपिअर, शुद्ध तांबे’ असे स्टिकर होते. त्याने दुकानातच हीटर लावून, वायरीभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर २८ अँपिअर दाखवून पाच मिनिटे पट्टी चालवली, आणि मी त्या आकड्यावर भुललो. किंमत ९,८०० रुपये. एस-१९ च्या पॉवर सप्लायला दोन वायरी लागतात. त्या दोन वेगवेगळ्या सॉकेटांत लावायच्या असतात. त्यावर त्याने ‘एका सॉकेटमधून दोन्ही निघतील, बाकीची सॉकेटे पंख्याला आणि राउटरला राहू द्या’ असे सांगून दोन जोडवायरी आणखी विकल्या. पक्के बिल मागितले तेव्हा ‘जीएसटी कशाला भरता’ म्हणून कच्ची पावती हातात दिली. तिच्यावर त्याने ‘एक्स्टेंशन बोर्ड, १ नग’ एवढेच लिहिले होते, हे मी घरी आल्यावरही नीट वाचले नाही.

अकराव्या रात्री अडीचच्या सुमारास जळकट वासाने जाग आली. माडीवर यंत्रे चालूच होती, मीटर २८ दाखवत होता, एमसीबी जागचा हलला नव्हता. मेन स्विच पाडून पट्टीला हात लावला तर चटका बसला. वरच्या सॉकेटमधली जोडवायर ओढूनही निघेना. पिनेभोवतीचे प्लास्टिक ओघळून थिजले होते आणि पत्र्यावर तपकिरी कडे उमटले होते. शेजारच्या खोलीत आई झोपली होती. ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यांत उभा जन्म वायरिंग करण्यात घालवलेल्या एका वायरमनमामांना बोलावले. त्यांनी पट्टीचा पत्रा उघडला, आतल्या वायरीचा एक धागा ब्लेडने खरवडला. वरचा तांबडा मुलामा निघताच आतून पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले. मग तोच धागा लायटरच्या ज्योतीवर धरला, तर तो वितळून तुटला. खऱ्या तांब्याचा धागा शेजारी धरला, तो नुसता लाल झाला. ‘साहेब, लूमला अशी वायर लावली असती तर मालकाने मला उभा केला नसता,’ एवढेच ते म्हणाले.

अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, आणि स्क्रूखाली ते हळूहळू दबून सांधा सैल होतो. पण खरी मेख सॉकेटात होती. पट्टीवरची सॉकेटे सी-१३ प्रकारची होती, आणि त्यांची आंतरराष्ट्रीय मर्यादा १० अँपिअर आहे. एका यंत्राची १४ अँपिअर वीज दोन सॉकेटांत विभागली असती तर प्रत्येकातून ७ अँपिअर गेली असती. जोडवायरीमुळे एकाच सॉकेटातून १४ गेली. विजेचा प्रवाह दुप्पट झाला की सांध्यातली उष्णता चौपट होते. सैल सांध्याचा रोध ०.०५ ओहम जरी धरला, तरी १४ अँपिअरला बोटाच्या पेराएवढ्या जागेत सुमारे १० वॅट उष्णता अखंड साठत राहते. तीही यंत्रांच्या गरम हवेच्या झोतात, कारण विक्रेत्याने पट्टी रॅकच्या मागच्या बाजूला बसवायला सांगितली होती, आणि तीही सोलापूरच्या एप्रिलअखेरीस. सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही, म्हणून एमसीबीला काही कळतच नाही. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकातही ते कळणार नव्हते. उष्णता साठायला तास लागतात.

आणि पट्टी अस्सल असती तरीही माझी निवड चुकीचीच होती. चोवीस तास चालणारा भार मर्यादेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त नेऊ नये असा जाणकारांचा दंडक आहे. ३२ चे ८० टक्के म्हणजे २५.६, आणि माझा भार २८. आता मामांनी प्रत्येक यंत्राला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी लाइन आणि २० अँपिअरचा वेगळा एमसीबी दिला आहे. यंत्राच्या दोन्ही वायरी स्वतंत्र सॉकेटांत जातात, आणि सॉकेटे रॅकच्या पुढच्या, थंड बाजूला आहेत. नव्या केबलवर आयएस ६९४ हा केबलचा भारतीय मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला आहे. तो परवाना क्रमांक मी पैसे देण्यापूर्वी भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासला. जुन्या वायरीवर एक अक्षरही छापलेले नव्हते, आणि ते पाहायला मला अर्धा मिनिटही लागला नसता.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने माझीच पावती माझ्यापुढे धरली: ‘एक्स्टेंशन बोर्डावर मायनिंग कोण करतो?’ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही, पण तिथेही काय विकत घेतले ते मलाच दाखवावे लागेल. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, ती कच्ची पावती आहे, स्टिकरसकट पट्टीचे फोटो आहेत आणि वितळलेले सॉकेट आहे. पक्के बिल नाही.