फोर्टात अर्मेनियन शब्दांचा क्लास, पैसे वसूल (एसी सोडून)

रविवारी फोर्टातल्या एका छोट्या खोलीत दोन तासांचा अर्मेनियन शब्दांचा क्लास केला, पाचशे रुपये फी. मित्र म्हणाला पैसे जास्त झालेत का तुझ्याकडे, पण एका शब्दातच वसूल झाले राव!

शब्द ‘अझात’. आज अर्थ मोकळा, स्वतंत्र. पण ५व्या शतकात, म्हणजे ४०५च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने अर्मेनियन लिपी बनवली त्यानंतरच्या जुन्या ग्रंथांत, अझात म्हणजे खालच्या दर्जाचे सरदार, नखरार म्हणजे बड्या सरदारांच्या हाताखाली घोड्यावरून लढणारे. मुळात शब्द इराणी, अर्थ ‘चांगल्या कुळात जन्मलेला’. सरांनी बोर्डावर ‘आ-झात’ असं तोडून लिहिलं आणि खाली आपला ‘जात’, म्हणजे जन्मलेला, मग म्हणाले आता अभिजात आठवा, तेव्हा मागच्या बाकावरच्या काकू मोठ्याने ‘अगंबाई’ म्हणाल्या. फारसीतून आपल्याकडे आला तो आझाद, त्यात त चा द झाला, अर्मेनियनने मात्र जुना त तसाच धरून ठेवलाय. म्हणजे मी रोज सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या कडेने ऑफिसला जातो ते खरं तर खानदानी मैदान, काय बोलणार.

आता तक्रार. एसी बंद, झेरॉक्स इतकी फिकट की अक्षरं ओळखू येईनात, त्यात त्यांचं छोटं ‘आ’ इंग्रजी डब्ल्यूसारखं दिसतं म्हणून आधीच घोळ. चहा पण अर्धाच कप. पाचपैकी चार, पुढच्या बॅचला आईला नेणारे.